भरमू खाली उतरेपर्यंत

वडगावात आमच्या गल्लीत
पहिल्यांदा माग बोलतात, मग माणसं.
खटक-खटक, खटक-खटक.
इथं कुणी कुजबुजत नाही.
गुपित सांगायचं तर लाईट जायची वाट बघावी लागते.
त्यामुळं कुणाची सोयरीक मोडली, कुणाची भिशी बुडाली,
सगळं आम्हाला लोडशेडिंगमध्येच कळलंय.

पोरीनं हट्ट केला म्हणून
पत्र्यावर सोलारच्या आठ प्लेटा बसवल्या.
निळ्या. पाठीवर चिनी अक्षरं,
आणि एकीच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा,
काचेच्या आतून उमटलेला.
पदरानं पुसला, राखेनं घासला, जाईना.
मग सोडला. असू दे.
आमच्याबी साड्यांत माझा एखादा केस विणला गेला असंल की,
कुठल्या गावात कोण नेसून बसलीय,
तिला कुठं ठाऊक.

लुमाण्णा खाली उभा राहून म्हणाला,
"वैनी, सूर्याला मालक केलासा की आता."
मी बोललो, मालक कसला,
कामाला ठेवलाय.
ढग दिसला की बिडी ओढायला जातोय,
पाचला हात धुऊन मोकळा.
खरं, रविवारची सुट्टी मागत नाही, तेवढं बरं.

बिल कन्नडात येतं. पोरगी वाचून दाखवती:
एवढे युनिट घेतले,
एवढे दिले.
दिले?
जन्मात हेस्कॉमला मी
शिव्या सोडून काही दिलं नव्हतं.
कागद दोनदा वाचायला लावला,
आणि देवाच्या फोटोमागं ठेवला.

मग चैत्रातली ती दुपार.
पत्र्यावर कावळा पाय टेकवीना, एवढं ऊन.
लग्नाच्या चौदा साड्या व्हायच्या होत्या,
तेरावीच्या पदरावर
धोटा मधेच उभा राहिला.
लाईट गेली.
गेली तर गेली, माझ्या प्लेटा हायत की!
खरं माग मुका.
वर सूर्य नुसता फुकट जळायलाय
आणि खाली मी अंधारात,
हातात तुटलेला धागा.

दस्तगीरला फोन लावला, त्यानंच बसवलेल्या.
म्हटलं, फसवलास रे.
तो म्हणाला, "मावशी, ते तसंच असतंय.
लाईन बंद झाली की मशीन आपणहून बंद होतंय."
का म्हणून?
"लाईनवर माणूस असतोय."

दारात आलो.
कोपऱ्यावरच्या खांबाखाली
दोन चपला, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला.
वर भरमू.
हातमोजे मागच्या खिशात कोंबलेले,
उघडी बोटं तारेवर.
हाच तो, शेंबूड पुसत माझ्याकडं कांड्या भरायला बसायचा,
दोन बिस्किटांच्या बोलीवर.

म्हणजे माझ्या पत्र्यावरचं ऊन
भिंत उतरून, मीटरमधून,
बोळ ओलांडून, त्या वळणावर
नेमकं त्याच्या बोटांत गेलं असतं.
मला वाटायचं तार म्हणजे नळ,
तिकडनं येतं, आम्ही घेतो.
दिले, असं बिलात लिहिलेलं होतं.
कुणाच्या हातावरनं द्यायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

गल्ली गप्प.
एवढ्यात कमळव्वा भिंतीवरनं वाकली,
"ऐकलीस काय, आमच्या भाचीचं?"
मी हूं म्हणालो. डोळे खांबावर.
ती सांगायलीय, सासू, अंगठी, बेळगाव स्टँड,
भरमूनं एक पाय खाली घेतला,
चाचपला,
परत वर नेला.
पकड राहिली होती कुठंतरी.
मी म्हणालो, सावकाश रे.
त्याला ऐकू गेलं. शांतताच तेवढी होती.
"होय काकू," म्हणाला, न बघता.

उतरला. चपला घातल्या.
फोनवर कुणाला तरी बोलला, सोडा म्हणून.
जरा वेळ काहीच नाही.
मग पत्र्याखालचं मशीन पुटपुटलं, हिरवा दिवा,
आणि कमळव्वा अगदी मुद्द्यावर आलेली,
"तर त्यानं काय केलं म्हाईतंय,"
खटक.
खटक-खटक.

तोंड हलताना दिसत होतं तिचं.
मी हातानंच सांगितलं,
पुढच्या खेपेला.